पुडकं कुणी बांधलं? : एपीके, सरकारी ॲप आणि आपले फोन

मंडळी, पोस्ट लांब आहे. सावकाश वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनचा आणि बँकेतल्या पैशाचा आहे.

पत्रकार म्हणून माझ्याकडे गेल्या तीन-चार वर्षांत दोन प्रकारच्या तक्रारी नेमाने येतात. पहिली, "साहेब, सरकारचं ॲप आमच्या मोबाईलमध्ये बसेनाच." दुसरी, "दादा, व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडली आणि खात्यातले पैसे गेले." पहिलीची बातमी तहसीलच्या खात्यावर पडते, दुसरीची गुन्हेवृत्तात. लोकही त्या वेगवेगळ्याच समजतात. माझं म्हणणं असं आहे की या दोन्ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. ती दोरी म्हणजे ॲप फोनपर्यंत कसं पोचतं, कोणत्या पुडक्यात पोचतं आणि ते पुडकं कोण बांधतं.

आधी पुडकं म्हणजे काय ते बघू. तांत्रिक वाटेल, पण बियाण्याची पिशवी घेणाऱ्या माणसाला हे समजायला पाच मिनिटं पुरतात.

अँड्रॉइड फोनमध्ये ॲप ज्या फाईलमधून बसतं तिला एपीके म्हणतात. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन इंग्रजीतली ए, पी, के ही तीन अक्षरं असतात. ही फाईल म्हणजे खरं तर झिप केलेलं एक गाठोडं आहे. कॉम्प्युटरवर तिचं नाव बदलून शेवटी झिप लिहिलं तर ती साध्या झिपसारखी उघडते. आत ॲप चालवणारा कोड असतो. चित्रं, बटणं, वेगवेगळ्या भाषांतला मजकूर असतो. काही कोड ठरावीक प्रोसेसरसाठीच लिहिलेला असतो, तो वेगळ्या कप्प्यात असतो. 'मॅनिफेस्ट' नावाची एक फाईल असते. ते पिशवीवरचं लेबल समजा. ॲपचं खरं नाव काय, अँड्रॉइडचं कोणतं व्हर्जन लागेल, कॅमेरा लागेल का, जीपीएस लागेल का, एसएमएस वाचायची परवानगी मागणार का, हे सगळं त्या लेबलवर लिहिलेलं असतं. आणि शेवटी सील, म्हणजे ज्याने ॲप बनवलं त्याची डिजिटल सही.

आता पहिली तक्रार घ्या. ॲप बसत का नाही?

बाजारपेठेतल्या मोबाईल दुकानात मी बऱ्याचदा बसतो, बातम्या तिथेच मिळतात. एक आप्पा फोन घेऊन आले. सहा-सात वर्षांपूर्वीचा, मुलाने वापरून दिलेला. ॲप शोधलं की प्ले स्टोअर सांगतं, तुमच्या फोनला हे चालत नाही. दुसऱ्या कुणाकडून फाईल घेऊन टाकली तर 'पार्सिंग द पॅकेज' असं काहीतरी इंग्रजी येतं आणि बंद. आप्पांनी विचारलं, "फोन चालू हाय, बोलणं होतंय, व्हॉट्सॲप चालतंय, मग ह्येच का चालंना?"

कारणं बहुधा तीनपैकी एक असतात. एक, लेबलवर लिहिलेलं अँड्रॉइडचं किमान व्हर्जन आप्पांच्या फोनपेक्षा नवं असतं. दोन, प्रोसेसर. जुन्या आणि स्वस्त फोनमध्ये ३२ बिटची यंत्रणा असते, नव्यांत ६४ बिटची. ऑगस्ट २०१९ पासून गूगलने प्ले स्टोअरवर येणाऱ्या ॲपना ६४ बिटचा कोड देणं सक्तीचं केलं. पण सोबत ३२ बिटचाही ठेवायचा की नाही, हे ॲप बनवणाऱ्याच्या हातात आहे. त्याने ठेवला नाही की जुना फोन बाद. तीन, ॲपवाल्याने लेबलवर एखादा भाग 'लागतोच' असं लिहून ठेवलं आणि तो भाग फोनमध्ये नसला, तर प्ले स्टोअर ते ॲप त्या फोनला देतच नाही.

यातलं एकही कारण आप्पांच्या हातात नाही. तिन्ही गोष्टी पुडकं बांधतानाच कुणीतरी ठरवलेल्या असतात.

पुढचा बदल २०२१ चा. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून प्ले स्टोअरवर नवं ॲप टाकायचं तर तयार एपीके घेत नाहीत. 'ॲप बंडल' नावाचं मोठं गाठोडं द्यावं लागतं. त्यातून प्रत्येक फोनला लागेल तेवढाच माल गूगल वेगळा काढून पाठवतं. तुमचा प्रोसेसर कोणता, स्क्रीन केवढी, फोनची भाषा कोणती, हे बघून. फायदा खरा आहे, डाऊनलोड लहान होतं, डेटा वाचतो. वाण्याने सगळं पोतं न देता पावशेर बांधून द्यावं तसं.

पण याचे दोन परिणाम आपल्याकडे कुणी समजावून सांगितले नाहीत. पहिला : तुमच्या फोनमध्ये आलेलं ॲप हे तुमच्या फोनच्या मापाचं असतं, आणि ते एका फाईलमध्ये नसून तुकड्यांत असतं. त्यातला मुख्य तुकडा एखाद्या शेअरिंगच्या ॲपने उचलून भावकीतल्या कुणाला पाठवला, तर तो त्याच्या फोनमध्ये बसेल याची खात्री नाही. बसलाच तर उघडल्याबरोबर बंद पडू शकतो. दुसरा परिणाम भाषेचा आहे. फोन इंग्रजीत ठेवलेला असेल तर मराठी मजकुराचा तुकडा सुरुवातीला येतच नाही. तो यावा अशी सोय ॲप बनवणाऱ्याने मुद्दाम करावी लागते. भाषेनुसार तुकडे पाडू नका असं त्याने एका ओळीत लिहून ठेवलं तर सगळ्या भाषा सगळ्यांना जातात. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ कुणीतरी आठवणीने लिहायला पाहिजे. आपल्याकडे कित्येकांचा फोन दुकानातून आला तसा इंग्रजीतच असतो. मराठी वाचणाऱ्या माणसाच्या हातातही इंग्रजी फोन असतो.

आयफोनची गोष्ट वेगळी. त्याच्या पुडक्याला आयपीए म्हणतात, आणि ते ॲपलच्या सहीशिवाय फोन घेत नाही. युरोपात २०२४ पासून कायद्याने दुसऱ्या दुकानांना वाट करून दिली. आपल्याकडे सामान्य माणसाला ॲप स्टोअर हाच रस्ता. २०१७ साली आलेला जिओफोन आणखी वेगळा. त्यात कायओएस, अँड्रॉइड नव्हे, त्यामुळे एपीके चालतच नाही. व्हॉट्सॲपसुद्धा त्याच्यासाठी वेगळं तयार करावं लागलं, ते २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे आणि बाईमाणसाकडे बरेचदा हाच फोन असायचा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता हे सगळं सार्वजनिक कामकाजात आणून ठेवा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जायचं, ॲपमध्ये पिकाची नोंद करायची, फोटो काढायचा. कल्पना चांगली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पीक सातबाऱ्यावर चढलं नाही तर हमीभावाच्या खरेदीपासून नुकसान भरपाईपर्यंत सगळीकडे अडतं. म्हणजे ॲप फोनमध्ये बसणं ही आता शेतीची अट झाली. मुदत जवळ आली की दुकानात रांग लागते. जुनं व्हर्जन काढा, नवं टाका, हा निरोप दर हंगामात फिरतो. ज्याच्या फोनमध्ये बसत नाही तो पुतण्याच्या, शेजाऱ्याच्या नाहीतर गावातल्या सहायकाच्या फोनवर अवलंबून.

अंगणवाडीच्या ताईंचंही तेच. त्यांना पोषण अभियानात दिलेले मोबाईल कमी क्षमतेचे, त्यावर पोषण ट्रॅकर नीट चालेना, आणि ॲप इंग्रजीत. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी ते मोबाईल प्रशासनाला परत केले. तेव्हा काही जणांनी 'काम नको म्हणून नाटक' अशा कमेंट केल्या होत्या. ते नाटक नव्हतं. हातात दिलेला फोन आणि त्यावर टाकायला दिलेलं पुडकं यांचं माप जुळत नव्हतं, आणि हजेरी मात्र त्यावरच मोजली जात होती.

२०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपवरून भरायला सुरुवात झाली, तेव्हाही तालुक्याच्या गावी काय झालं ते तुम्ही पाहिलंय. बायका पोरं कडेवर घेऊन चांगला फोन असलेला माणूस शोधत होत्या.

माणूस अडला की दुसरी वाट शोधतो. इथून आपण दुसऱ्या तक्रारीकडे जातो.

प्ले स्टोअरवरून ॲप येत नाही, किंवा सापडत नाही, किंवा सारख्या नावाची चार ॲप दिसतात. मग ग्रुपवर कुणीतरी फाईल टाकतो, "ही डायरेक्ट टाका, चालते." कधी भावकीतला पोरगा टाकतो, कधी दुकानदार. आणि हे मी स्वतः पाहिलंय, कधी सरकारी खात्यातला कर्मचारीच टाकतो. आपल्याच तालुक्यातल्या एका खात्याच्या ग्रुपवर मी अशी फाईल पाहिली. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण टाकणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता. वरून आकडा मागत होते, खाली ॲप बसत नव्हतं, त्याने मार्ग काढला. लोकांनी फाईल दाबली, फोनने विचारलं, 'या स्रोताला परवानगी द्यायची का?' लोकांनी दिली. काम झालं.

काम झालं आणि सवय लागली. साहेबांनी पाठवलेली फाईल दाबायची, फोन आडवा आला तर 'अलाऊ' करायचं. भामट्याला दुसरं काय पाहिजे?

म्हणून त्याची फाईलही तशीच येते. पीएम किसानच्या नावाने, आरटीओच्या चलनाच्या नावाने, बँकेच्या केवायसीच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याने लग्नाचं निमंत्रण समजून अशीच फाईल उघडली आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. शिकलेला, नोकरीतला माणूस. तेव्हा 'लोक अडाणी आहेत' हे बोलणं आता बंद करू या.

ही फाईल करते काय? फाईल नुसती येऊन पडली म्हणून पैसे जात नाहीत. ती इन्स्टॉल झाली आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या की खेळ सुरू होतो. बहुधा पहिली मागणी एसएमएस वाचण्याची. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी भामट्याला दिसतो. दुसरी मागणी ॲक्सेसिबिलिटीची. ही सोय मुळात दृष्टिहीन आणि अपंग लोकांसाठी आहे, पण ती चुकीच्या ॲपला दिली तर ते स्क्रीनवरचं वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. प्ले प्रोटेक्ट आडवं आलं तर फोनवर गोड बोलून तेही बंद करायला लावतात.

"पण फाईलवर सही असते असं तुम्हीच म्हणालात की," असं एकाने मला विचारलं. प्रश्न बरोबर आहे. उत्तर नीट समजून घ्या, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

ती सही कोण्या सरकारी कार्यालयाने तपासलेली नसते. एपीकेवरची सही कुणीही घरी बसून तयार करू शकतो, भामटाही. ती सही दोनच गोष्टी सांगते. सही केल्यानंतर पुडक्यात कुणी फेरफार केलेला नाही, आणि आजचं पुडकं बांधणारा हात कालच्याच पुडक्याचा आहे. हात प्रामाणिक आहे का, हे ती सांगत नाही.

तरी तिचा मोठा उपयोग आहे. तुमच्या फोनमध्ये खरं ॲप आधीपासून असेल आणि त्याच नावाचं, पण दुसऱ्याच्या सहीचं पुडकं आलं, तर फोन ते घेत नाही. 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड' म्हणून परत पाठवतो. म्हणजे जुनं ॲप हे दारातल्या राखणदारासारखं असतं. आता तो नेहमीचा निरोप आठवा : "जुनं ॲप डिलीट करा आणि ही फाईल टाका." जुनं काढलं की जुळवून बघायला जुनी सहीच उरत नाही. फोनला वाटतं, नवं ॲप आलं, आणि तो घेतो. प्ले स्टोअरवरून नवं घेत असाल तर यात तसा धोका नाही. पण व्हॉट्सॲपवरच्या फाईलसाठी जुनं ॲप काढायला सांगितलं, तर तिथेच थांबायचं.

मग एपीके म्हणजे पापच का? नाही. प्ले स्टोअरवरून येतं तेही आतून एपीकेच असतं. स्टोअरच्या बाहेरून ॲप घेता येणं ही अँड्रॉइडची मोकळीक आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. सगळ्या देशाने एकाच कंपनीच्या दुकानातून घ्यावं असं मी म्हणणार नाही. केंद्र सरकारचं मोबाईल सेवा ॲपस्टोअर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेने इंडस ॲपस्टोअर काढलं, ते भारतीय भाषांत चालतं. गूगलनेही ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं, की स्टोअरबाहेरच्या ॲपच्या निर्मात्यालासुद्धा पुढे टप्प्याटप्प्याने आपली ओळख पटवावी लागेल. त्यावर बाजूने आणि विरोधात दोन्हीकडून बोललं जातंय. ते चालू राहू दे. पण दुकान कोणतंही असो, त्याला पाटी असते, पत्ता असतो, परत येऊन भांडता येतं. ग्रुपवर फिरणाऱ्या फाईलला यातलं काहीच नसतं.

आता मागण्या. या मी तहसील, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे लेखी देणार आहे. कुणाला सोबत सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा.

१. कोणत्याही सरकारी, निमसरकारी खात्याने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल पाठवायची नाही, असं लेखी परिपत्रक निघावं. आणि 'आम्ही अशी फाईल कधीच पाठवत नाही' हा फलक कार्यालयाच्या दारात लावावा. असा फलक असेल तर भामट्याचा मेसेज ओळखणं सोपं जाईल.

२. योजनेची जाहिरात करताना ॲपचं नेमकं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि अधिकृत लिंकचा क्यूआर कोड छापावा. नुसतं 'ॲप डाऊनलोड करा' लिहून भागत नाही.

३. ॲप किती जुन्या अँड्रॉइडवर आणि किती रॅमवर चालतं, हे आधी जाहीर करावं. ३२ बिटचे फोन वापरात आहेत तोवर त्यांच्यासाठीचा कोड काढू नये.

४. मराठी मजकूर फोनच्या भाषेवर अवलंबून न ठेवता सगळ्यांना द्यावा.

५. ज्याच्या फोनमध्ये बसत नाही त्याच्यासाठी वेबसाइट किंवा कागदी अर्ज चालू ठेवावा, आणि 'ॲप बसलं नाही' या कारणाने कुणाचा हक्क बुडवू नये.

यातली तिसरी आणि चौथी गोष्ट तालुक्यात ठरत नाही, मुंबई-दिल्लीत ठरते, हे मला माहीत आहे. पण खालून कुणी कागद पाठवलाच नाही तर वर कळणार कसं?

आणि आपण काय करायचं? फोटो, व्हिडिओ, पीडीएफ कधी इन्स्टॉल करावी लागत नाही. पत्रिका उघडताना फोनने 'इन्स्टॉल' विचारलं तर ती पत्रिका नाही. पाठवणारा ओळखीचा असला तरी त्याला आधी फोन करा, त्याचाही फोन भामट्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. चुकून टाकलंच, तर पहिलं काम इंटरनेट बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे मध्येच अडवण्याची शक्यता जास्त. मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा. लाजून घरात गप्प बसू नका. माझ्याकडे आलेले बरेच जण दोन-दोन दिवस घरच्यांना सांगत नव्हते, आणि तेवढ्यात पैसे कुठल्या कुठे गेले.

ही पोस्ट आपापल्या गावाच्या ग्रुपवर टाका. माझं नाव नाही टाकलं तरी चालेल, मजकूर कॉपी करा. आणि आईचा, मावशीचा, शेतावरच्या काकांचा फोन आज संध्याकाळी एकदा हातात घ्या. सेटिंगमध्ये 'अननोन ॲप्स' शोधा आणि तिथे व्हॉट्सॲपला दिलेली परवानगी बंद करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.